बर्फावरची वाट

(काश्मीरमधील गुलमर्ग हे हिवाळी खेळांसाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण आहे. तेथील उतारांवर स्कीइंग चालते; पण जवळच्या जंगलातून एक शांत वाटही जाते. त्या वाटेने बर्फावरून पायी कसे चालावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पावसाळ्यात चिखलातून जाताना तुमचा पाय कधी रुतला आहे का? आपण जितके जोराने पाय उपसतो तितका दुसरा पाय आत जातो. अशा वेळी कोणीतरी चिखलावर एक लांब फळी टाकतो आणि आपण सहज पलीकडे जातो. चिखल तोच, माणूस तोच, त्याचे वजनही तेवढेच. मग फळीवरून चालताना पाय का रुतत नाही?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला काश्मीरच्या बर्फात सापडते.

श्रीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावर, बारामुल्ला जिल्ह्यात गुलमर्ग आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २६५० मीटर आहे. हे नाव ऐकून तुम्ही कदाचित चमकाल. ‘गुल’ म्हणजे फूल हे तुम्हांला ठाऊक आहे. पण उर्दूत ‘मर्ग’ म्हणजे मृत्यू! घाबरू नका. काश्मिरी भाषेत ‘मर्ग’ म्हणजे डोंगरावरचे कुरण. सोनमर्ग, तंगमर्ग, खिलनमर्ग या नावांतही हाच शब्द आहे. गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण. सोळाव्या शतकातील सुलतान युसूफ शाह चक याने हे नाव दिले, असे सांगतात.

उन्हाळ्यात हे कुरण फुलांनी भरून जाते. हिवाळ्यात मात्र तेथे सगळीकडे पांढरा रंग पसरतो. २१ डिसेंबरपासून काश्मीरमध्ये चाळीस दिवसांची कडक थंडी सुरू होते. तिला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. ‘चिल्ला’ म्हणजे चाळीस दिवसांचा काळ, हे तुम्हांला सांगायला नकोच. या दिवसांत पडलेला बर्फ लवकर वितळत नाही. थरावर थर साचत जातात.

बर्फ साचला की गुलमर्गमध्ये खेळाडूंची गर्दी होते. १९२७ साली इंग्रजांनी येथे स्की क्लब सुरू केला होता. १९९८ मध्ये गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारे पाळणे, सुरू झाले. २००५ मध्ये त्यांचा दुसरा टप्पाही तयार झाला. हे पाळणे माणसांना अफरवट पर्वतावर जवळजवळ ४००० मीटर उंचीपर्यंत घेऊन जातात. तेथून खेळाडू पायांना लांब पट्ट्या बांधून वाऱ्याच्या वेगाने खाली घसरत येतात. २०२० पासून येथे ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धाही होतात.

परंतु बर्फाचा आनंद घेण्यासाठी घसरत जाण्याचीच गरज नाही. ज्यांना सावकाश चालायचे आहे, जंगल पाहायचे आहे, त्यांच्यासाठी दुसरे साधन आहे. ते म्हणजे ‘स्नोशू’, अर्थात बर्फावर चालण्याचे जोडे.

स्नोशू दिसायला टेनिसच्या रॅकेटसारखा असतो. त्याला हलक्या धातूची चौकट असते आणि मधल्या भागात मजबूत प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. आपले नेहमीचे जाड बूट त्यावर ठेवून पट्ट्यांनी घट्ट बांधायचे. पट्टा फक्त पावलाच्या पुढच्या भागाला असतो. टाच मोकळी राहते. त्यामुळे चालताना टाच उचलता येते. खालच्या बाजूला धातूचे दात असतात. ते कडक बर्फात रुतून पाय घसरू देत नाहीत.

आता थोडे गणित करू. समजा, एका माणसाचे वजन ६० किलो आहे. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण सगळा भार एकाच पायावर येतो. साध्या बुटाचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार पडतो. आता त्याच माणसाने २० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब स्नोशू घातला. त्याचे क्षेत्रफळ झाले १२०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर फक्त ५० ग्रॅम भार! दाब एकदम सहापट कमी झाला. नवीन, भुसभुशीत बर्फात स्नोशूदेखील थोडा आत जातो. पण साध्या बुटाने जेथे माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, तेथे स्नोशू घालून तो चालू शकतो. चिखलावरच्या फळीचे रहस्य हेच आहे. भार कमी झालेला नसतो, तो पसरलेला असतो.

ही युक्ती माणसाने कोणत्या शाळेत शिकली? निसर्गाच्या शाळेत. वाळवंटातील उंटाचे पाऊल रुंद आणि मऊ असते, म्हणून ते वाळूत रुतत नाही. हिमालयातील हिमबिबट्याचे पंजे मोठे व केसाळ असतात. उत्तर अमेरिकेत एक ससा आहे. त्याचे मागचे पाय इतके रुंद असतात की त्याचे नावच ‘स्नोशू ससा’ पडले आहे.

माणसाने ही युक्ती फार पूर्वीच ओळखली होती. २००३ मध्ये इटलीच्या आल्प्स पर्वतात, ३००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर एक जुना स्नोशू सापडला. बर्च झाडाची फांदी वाकवून तो तयार केलेला होता. शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा तो सुमारे ५८०० वर्षांपूर्वीचा असल्याचे समजले. कॅनडातील मूळ रहिवाशांनी तर या कामात मोठे कौशल्य मिळवले. ते लाकडाची चौकट वाकवत आणि हरणाच्या कातड्याच्या वाद्यांनी तिची जाळी विणत. मोकळ्या मैदानासाठी ते लांब जोडे करत, तर दाट जंगलासाठी आखूड व गोल जोडे करत. कारण झाडांमधून वळताना लांब जोडे अडकतात. काश्मीरच्या शेतकऱ्यांनी आपल्यापुरता वेगळा उपाय शोधला होता. भाताच्या पेंढ्याची दोरी वळून ते ‘पुलहोर’ नावाची पादत्राणे विणत. ती स्नोशूइतकी रुंद नसत; पण बर्फावर पाय घसरत नसे आणि तळव्यांना ऊब मिळे.

चला तर, आपणही मनाने स्नोशू बांधू आणि गुलमर्गच्या जंगलातून खाली बाबा रेशींच्या दर्ग्यापर्यंत जाऊ. अंतर पाच-सहा किलोमीटर आहे. उन्हाळ्यात ही वाट सोपी वाटते. बर्फात मात्र तिला बराच वेळ लागतो, म्हणून सकाळी लवकर निघायचे. माहीतगार वाटाड्याशिवाय जायचे नाही. स्थानिक माणसाला प्रत्येक उतार, प्रत्येक ओढा ठाऊक असतो. बर्फाने सगळे झाकून टाकले, तरी खाली काय आहे हे तो सांगू शकतो.

कपड्यांचाही विचार करावा लागतो. एकच जाड कोट घालण्यापेक्षा दोन-तीन थर घालणे चांगले. चालताना घाम येऊ लागला की एक थर काढायचा. सुती कपडे घामाने ओले होतात व लवकर वाळत नाहीत. मग थांबल्यावर थंडी वाजते. म्हणून लोकरीचे कपडे बरे. पाणी, थोडे खाणे आणि काळा चष्मा जवळ हवा. पांढऱ्या बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे दिपतात आणि दुखतात.

हातांत दोन काठ्या घेऊन आपण चालू लागतो. सुरुवातीला स्वतःच्याच जोड्यावर पाय पडतो आणि तोल जातो! म्हणून पावले नेहमीपेक्षा थोडी दूर दूर टाकायची. चढावर बुटाचा पुढचा भाग बर्फात दाबायचा. उतारावर गुडघे किंचित वाकवायचे. मागे वळायचे असेल तर उलट्या पावलांनी जायचे नाही. लहानसा वळसा घेऊन फिरायचे. जेथे स्कीइंग चालते, त्या पट्ट्यावरून चालायचे नाही, कडेने जायचे. आपल्या पावलांनी पडलेले खड्डे वेगाने येणाऱ्या खेळाडूला पाडू शकतात.

जंगलात सर्वांनी एका रांगेत चालायचे असते. पहिल्या माणसाला ताजा बर्फ दाबत वाट करावी लागते. हे काम सर्वांत कष्टाचे असते. मागच्यांना मात्र तयार वाट मिळते. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पहिला माणूस बाजूला होतो, सगळी रांग पुढे जाऊ देतो आणि शेवटी येऊन उभा राहतो. मग दुसरा पुढे होतो. अशा रीतीने सर्वांत अवघड काम सर्वांच्या वाट्याला येते आणि कोणीच फार थकत नाही.

आता पाळण्यांचा आवाज मागे राहिला. फर आणि पाइन यांची उंच सूचिपर्णी झाडे दोन्ही बाजूंना उभी आहेत. त्यांच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात, त्यामुळे बर्फाचा भार घसरून पडतो. येथे इतकी शांतता का असते? ताज्या बर्फात हवेच्या असंख्य लहान पोकळ्या असतात. त्या आवाज शोषून घेतात. मध्येच एखाद्या फांदीवरून बर्फ सुटतो आणि ‘धप्प’ असा आवाज येतो. पुन्हा सारे स्तब्ध.

हे जंगल रिकामे आहे, असे मात्र समजू नका. गुलमर्गचा परिसर अभयारण्य आहे. येथे कस्तुरीमृग, बिबट्या, अस्वल आणि लाल कोल्हा राहतात. बर्फावर उमटलेले ठसे पाहिले की रात्री कोण येथून गेले ते कळते. कोल्ह्याची पावले जवळजवळ एका सरळ रेषेत पडतात. बर्फाच्या जाड थराखाली जमिनीलगत उंदरांच्या वाटा असतात. बर्फ हा त्यांच्यासाठी गोधडीसारखा असतो. वर हवा कितीही थंड झाली, तरी खाली तेवढी थंडी पोहोचत नाही. कोल्हा कान देऊन उंदराची हालचाल ऐकतो आणि उंच उडी मारून नाक बर्फात खुपसतो.

हिवाळ्यात या प्राण्यांना अन्न फार कमी मिळते. उन्हाळ्यात अंगात साठवलेल्या चरबीवर त्यांना दिवस काढायचे असतात. आपण आरडाओरडा केला, त्यांच्या मागे लागलो, तर ते घाबरून खोल बर्फातून पळतात. त्या पळण्यात त्यांची साठवलेली शक्ती खर्च होते. आपल्यासाठी तो दोन मिनिटांचा खेळ असतो. प्राण्यासाठी मात्र तो जीवनमरणाचा प्रश्न होऊ शकतो. म्हणून ठरलेल्या वाटेनेच जायचे, हळू बोलायचे आणि प्राणी दिसला तर दुरूनच पाहायचे.

बर्फ सुंदर असतो, तसा धोकादायकही असतो. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती, फांद्यांखाली पोकळ खड्डा असू शकतो. वरून तो दिसत नाही. म्हणून बुंध्याच्या अगदी जवळ जायचे नाही. त्याहून मोठा धोका हिमकड्यांचा असतो. उघड्या, तीव्र उतारावरचा बर्फाचा थर सुटला की तो सगळे काही घेऊन खाली येतो. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणाऱ्या सैनिकांवर असा हिमकडा कोसळला आणि १७ जवान मृत्युमुखी पडले. ते तर बर्फात राहण्याचे शिक्षण घेणारे जवान होते! म्हणून ‘आज त्या बाजूला जाऊ नका’ असे वाटाड्याने सांगितले, तर हट्ट करायचा नसतो. मागे फिरणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, ते शहाणपण आहे.

उतरता उतरता झाडी विरळ होते आणि बाबा रेशींचा दर्गा दिसू लागतो. बाबा पयामुद्दीन रेशी हे पंधराव्या शतकातील संत. सुलतान झैनुल आबिदीन याच्या दरबारी ते मानाच्या जागेवर होते, असे सांगतात. त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. एकदा शिकारीला गेले असताना त्यांना मुंग्यांची रांग दिसली. त्या मुंग्या हिवाळ्यासाठी दाणे गोळा करत होत्या. ते पाहून बाबा थबकले. एवढीशी मुंगी पुढच्या दिवसांची तरतूद करते, मग आपण आपल्या आखिरतसाठी काय साठवले, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. त्यांनी दरबार सोडला आणि उरलेले आयुष्य इबादत व लोकसेवेत घालवले. आजही सर्व धर्मांचे लोक येथे येतात.

मुंग्यांची ती तरतूद आपल्यालाही काही शिकवते. डोंगरावर साचलेला बर्फ म्हणजे काश्मीरची पाण्याची शिल्लक होय. ताजा बर्फ दहा सेंटिमीटर पडला, तर त्याचे साधारण एक सेंटिमीटर पाणी होते. हिवाळ्यात साठलेला हा ठेवा उन्हाळ्यात हळूहळू वितळतो. अफरवटचा बर्फ वितळून निंगली नाला वाहतो आणि पुढे झेलम नदीला मिळतो. अशा ओढ्यांच्या पाण्यावर खालची भातशेती आणि सफरचंदांच्या बागा उभ्या असतात. बर्फ कमी पडला, तर केवळ खेळाडूंचे नव्हे, शेतकऱ्यांचेही नुकसान होते.

अलीकडे ही चिंता वाढली आहे. २०२४ च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलानमध्ये, गुलमर्गची कुरणे बराच काळ कोरडी होती. २०२५ मध्ये बर्फ पुरेसा नसल्यामुळे फेब्रुवारीतील हिवाळी स्पर्धा मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि त्याचा परिणाम डोंगरांवरील बर्फावरही होत आहे. कोळसा, पेट्रोल आणि वीज आपण मुंबईत जाळली काय किंवा मालेगावात जाळली काय, तिचा धूर कोठल्याही राज्याची सीमा मानत नाही.

बर्फावर चालणारा माणूस आपले वजन घरी ठेवून येत नाही. तो ते पसरतो. रांगेतले कष्ट तो सर्वांबरोबर वाटून घेतो. प्राण्यांच्या झोपेवर आणि अन्नावर आपला भार पडू देत नाही. म्हणूनच त्याला वाट मिळते. आपल्यापैकी फार थोडे जण गुलमर्गला जातील. परंतु अशी हलकी पावले टाकण्यासाठी बर्फच हवा, असे थोडेच आहे?

शब्दार्थ

रुतणे – चिखलात किंवा बर्फात अडकणे, आत जाणे.
कुरण – गुरे चरण्याची गवताळ जागा.
भुसभुशीत – सैल, न दाबलेला.
वादी – कातड्याची पट्टी.
पेंढा – भाताचे वाळलेले गवत.
वाटाड्या – वाट दाखवणारा.
सूचिपर्णी – सुईसारखी पाने असलेला.
हिमकडा – डोंगरावरून कोसळणारा बर्फाचा मोठा थर.
आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट.
तरतूद – पुढच्या काळासाठी केलेली सोय.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) काश्मिरी भाषेत ‘मर्ग’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) ‘चिल्लई कलान’ किती दिवसांचा असतो?
(इ) पुलहोर कशापासून तयार करत?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) स्नोशू घातल्यावर पाय कमी का रुततो?
(आ) रांगेतील पहिला माणूस थोड्या वेळाने शेवटी का जातो?
(इ) हिवाळ्यात जंगलातील प्राण्यांना त्रास का देऊ नये?

प्र. ३. गाळलेल्या जागा भरा.
(अ) गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे ______ मीटर उंचीवर आहे.
(आ) ताज्या बर्फातील हवेच्या पोकळ्या ______ शोषून घेतात.
(इ) निंगली नाला ______ नदीला मिळतो.

प्र. ४. भाषाभ्यास.
उर्दूत आपण ‘बर्फ पिघल गई’ म्हणतो. मराठीत ‘बर्फ वितळला’ असे म्हणतो. उर्दूत ‘बर्फ’ स्त्रीलिंगी आहे, तर मराठीत पुल्लिंगी. उर्दूत ‘जंगल’ पुल्लिंगी आहे, तर मराठीत नपुंसकलिंगी : ‘ते जंगल’. दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द पाठातून शोधा. त्यांचे मराठीतील लिंग व उर्दूतील लिंग लिहा.

प्र. ५. वाक्यात उपयोग करा.
डोळे दिपणे, मृत्युमुखी पडणे, दिवस काढणे.

उपक्रम : एका ताटात ओली माती भरा. तिच्यावर एक वीट प्रथम उभी ठेवा व नंतर आडवी ठेवा. कोणत्या वेळी ठसा जास्त खोल उमटतो ते पाहा. कारण आपल्या शब्दांत वर्गात सांगा.